शक्तिमानला मागे टोचनचा हूक बसवायचाय, मिस्त्री म्हणतो डायरेक्ट वेल्डिंग मारू

घोटीचा_टोचनवाला
नमस्कार मंडळी. लिलावातनं निघालेला एक शक्तिमान, म्हणजे मिलिटरीचा जुना ट्रक, घेतलाय, कागदपत्रं क्लिअर आहेत, इंजिन एकदम खणखणीत. घोटी ते नाशिकचं द्वारका, ह्या हायवेला बंद पडलेले पिकअप, टाटा ४०७ असले छोटे ट्रक ओढून आणायचा धंदा करायचा विचार आहे. अडचण अशी की गाडीला मागे हूकच नाही, आधीच्या मालकाने काढून भंगारात घातला की काय माहीत नाही. अंबडला एका फॅब्रिकेटरला दाखवलं तर तो म्हणे २० एमएमची प्लेट घेऊ, तिला हूक लावू आणि चासीला चारी बाजूने वेल्डिंग मारू, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. ते दुपारपर्यंत ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. कोणी असं काम केलंय का?

सातपूरचा_वेल्डर
दादा मी स्वतः वेल्डिंगवर पोट भरतो तरी सांगतो, चासीला वेल्डिंग मारू देऊ नका. वेल्डिंग तुटत नाही, त्याच्या शेजारचं लोखंड तुटतं. उष्णतेने तिथली पट्टी बदलते, मग रोज झटके खाऊन खाऊन केसाएवढी चीर पडते आणि रंगाखाली ती दिसत पण नाही. बोल्टिंगच करा. भोकं चासीच्या उभ्या पट्टीत पाडायची, वरच्या-खालच्या फ्लॅंजला, म्हणजे आडव्या कडांना, ड्रिल लावायचं नाही, सगळा ताण तिथेच असतो. बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं ते बघून घ्या, दुकानदार नुसतं हाय टेन्साइल म्हणून काहीही गळ्यात मारतो. आणि प्लेट बसते तिथला रंग खरवडून काढा, नाहीतर रंगाचा थर दबतो आणि महिनाभरात बोल्ट ढिले.

पंचवटी_एक्सप्रेस
ते सगळं ठीक आहे पण अ‍ॅव्हरेज किती देतो भो 😂

फौजी_देवळाली
ईएमई, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतून रिटायर आहे, ह्या गाड्यांखाली अर्धं आयुष्य गेलंय. शक्तिमान म्हणजे जर्मन मॅन कंपनीचं लायसन्स, जबलपूरला १९५९ पासून १९९६ पर्यंत बनला. १०५ एमएमची फील्ड गन हाच ओढायचा, ती साडेतीन टनाच्या आसपास. म्हणजे बेटा, कंपनीने हूकाची जागा आधीच करून ठेवलीय, तू नवीन कशाला शोधतो? मागच्या शेवटच्या क्रॉस मेंबरवरचा, म्हणजे चासीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीवरचा, चिखल आणि ग्रीस खरवडून बघ, भोकं सापडतील. त्या आडव्या मेंबरच्या आतल्या बाजूला जाड बॅकिंग प्लेट दे आणि चासीच्या दोन्ही बाजूंना तिरके सपोर्ट जोड, म्हणजे ओढ एका पत्र्यावर न येता दोन्ही बाजूंना वाटली जाईल. हूक स्वतःभोवती फिरणारा घे आणि मागे स्प्रिंगवाला, खड्ड्यात पुढची गाडी एकीकडे आणि मागची दुसरीकडे कलली की फिक्स हूक बोल्टच पिळून काढतो. नट सुटू नये म्हणून त्याला स्प्लिट पिन घालायला विसरू नको.

घोटीचा_टोचनवाला
काका लय उपकार. अजून एक, कसारा घाटात कोणी बंद पडला तर दोर लावून खाली उतरवता येईल ना?

फौजी_देवळाली
दोर फक्त ओढतो, ढकलणारी गाडी थोपवत नाही. उतारावर मागची गाडी तुझ्या अंगावर येणार. इंजिन बंद म्हणजे तिचे ब्रेक दगड, स्टीअरिंग दगड. त्यासाठी ए आकाराचा लोखंडी टोचन बारच पाहिजे, दोन टोकं तिच्या पुढच्या दोन्ही हूकांना, एक टोक तुझ्याकडे, वर दोन साखळ्या आडव्या. एअर ब्रेकवाली गाडी असेल तर हवा संपली की तिची मागची चाकं जाम होतात, तुझ्या टाकीतनं पाइप देऊन हवा भरावी लागते. लांब न्यायचं तर त्या बंद गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, सोडव, इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला आत तेल चढत नाही, जळून जाईल आणि बिल तुझ्या नावावर. आणि १६ टनाचा भरलेला ट्रक शक्तिमानने घाटात उतरवायचा नाही म्हणजे नाही, नुसत्या २० ला १ (२० फुटांत १ फूट) चढावर त्याला जवळजवळ एक टन ओढ लागते, झटका बसला की कितीतरी पट.

सातपूरचा_वेल्डर
+१. आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत ठेवायचं असतं, नियमच आहे. हूकाची नोंद आरटीओत विचारून घ्या.

घोटीचा_टोचनवाला
आत्ताच खाली झोपून आलोय, शर्ट काळा झाला, बायको बोलायची बंद. काका, भोकं सापडली! सहा आहेत, पण त्यातलं एक अंड्यासारखं झालंय, जुना बोल्ट ढिला राहून घासला असणार. तिथे काय करू?

फौजी_देवळाली
रीमरने, म्हणजे भोक साफ गोल करणाऱ्या हत्याराने, गोल करून एक नंबर मोठा बोल्ट टाक. आणि त्याच्या कडेला चीर आहे का ते आधी रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासून बघ. चीर असेल तिथून रॉकेल खडूवर उमटतं. फोटो टाक इथे.