मदत हवी आहे: साखरपुड्यासाठी फ्रान्समधून काय आणि कुठून घ्यावं? (अर्जंट!)

घाईत_आहे (गुरुवार, रात्री ९.१०)
नमस्कार मंडळी. भारतात परत निघतोय. पुढच्या आठवड्यात बहिणीचा साखरपुडा आहे आणि आईने फोनवर यादी वाचून दाखवली आहे. होणारे जावई, व्याही, विहीणबाई, ताईची नणंद, त्यांच्याकडच्या आजी, शिवाय ताईला "तिकडचं काहीतरी घालायला". वर चार-पाच किरकोळ भेटी जास्तीच्या, ऐन वेळी कोण येईल सांगता येत नाही म्हणून. चॉकलेट नको, ते हल्ली सातारच्या मॉलमध्येही मिळतं असं आईचं म्हणणं.
कपडे, खाऊ, भेटवस्तू कुठून घेऊ? नेटवर तीच ती ठिकाणं येतात. वेळ अजिबात नाही, कृपया नेमकं सांगा.

सीनकाठची_सखू
सरळ बुलवार ओसमानवर जा. गॅलरी लाफायेत आणि शेजारी प्राँताँ. लाफायेतचा १९१२ चा काचेचा घुमट बघूनच पैसे वसूल. कपडे, पर्स, अत्तर सगळं एका छपराखाली. खाऊसाठी बाँ मार्शेची ग्राँद एपिसरी. क्रीम वगैरे हवं असेल तर सें-जर्मेनमधलं सिटीफार्मा, फक्त गर्दीची तयारी ठेव. पासपोर्ट बरोबर ने, डिटॅक्स मिळेल, म्हणजे बाहेरच्यांना कराचे पैसे परत.

पेठकर
गॅलरी लाफायेत म्हणजे पर्यटकांचा पिंजरा. माझं ऐका, आरईआर ए पकडून व्हाल द्युरोपला उतरा. डिस्नेच्या शेजारीच ला व्हाले व्हिलेज आहे. मोठमोठ्या ब्रँडचा मागच्या हंगामाचा माल, किंमत बरीच खाली.

सीनकाठची_सखू
मागच्या हंगामाचा माल व्याह्यांना? शिवाय सध्या जानेवारीचे सोल्द चालू आहेत. म्हणजे सरकारी नियमाने ठरलेला चार आठवड्यांचा सेल, उरलेला वर्षातून एकदाच जूनअखेर लागतो. भर शहरात सगळं स्वस्त असताना एवढ्या लांब कशाला पाठवताय त्याला?

पेठकर
सेलच्या दुसऱ्या आठवड्यात मधले साइज संपलेले असतात. अनुभव आहे म्हणून सांगतोय.

खडूस_काका
धागाकर्त्याने बजेट सांगितलेलं नाही, निघणार कधी ते सांगितलेलं नाही, सामान किती न्यायचंय ते सांगितलेलं नाही. आणि इथे घुमट बघून पैसे वसूल होतायत. चालू द्या.

घाईत_आहे
सॉरी, ऑफिसातून लिहीत होतो. बजेट सगळं मिळून ४००-५०० युरो. विमान रविवारी पहाटे सहाचं. उद्या काम सहापर्यंत, म्हणजे हातात फक्त शनिवार. बॅगेत सात-आठ किलोची जागा आहे.
पण सगळे पॅरिसचं का सांगताय? मी तुलूजला आहे.

सीनकाठची_सखू
अरे देवा. मग आधी सांगायचं ना!

घाईत_आहे
शीर्षकात "फ्रान्स" लिहिलंय की.

पेठकर
हरकत नाही. शनिवारी पहिली टीजीव्ही (वेगवान ट्रेन) पकड, संध्याकाळी परत.

खडूस_काका
तुलूज-पॅरिस एका बाजूने साडेचार तास लागतात हो पेठकर. जाऊन घुमटाला नमस्कार करून परत यायचं का त्याने?

नाशिकचा_बाळ्या
तुलूज म्हणजे एअरबसमध्ये का? माझा भाचा एरोनॉटिकल करतोय, शेवटचं वर्ष. इंटर्नशिपचं कुणाला विचारायचं? कृपया सांगावे.

विटांचं_शहर
तुलूजला काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे लिहितेच. तुला पॅरिसची काहीही गरज नाही. उलट पॅरिसचं कुणीही आणतं. तुलूजचं काय आहे ते घे.

शनिवारी सकाळी आधी मार्शे व्हिक्टर ह्युगो. मेट्रो ए लाइन, कापितोल स्टेशन, तिथून पाच मिनिटं चालत. वर पार्किंगची कुरूप इमारत दिसेल, तिला बिचकू नकोस, बाजार तिच्या पोटात आहे. दुपारी गाळे आवरायला लागतात, म्हणून नऊलाच जा. सोमवारी बंद, तो प्रश्न तुला नाही.

खाऊ आणि भेट दोन्ही म्हणून एकच गोष्ट घ्यायची तर व्हायोलेटची साखरेतली फुलं. खरी फुलं असतात, साखरेच्या पाकात मुरवून वाळवलेली, वरून खरखरीत. हातात घेतलं तर जांभळा खडा वाटतो, तोंडात टाकलं की आधी साखर आणि मग नाकातून फूल. डब्याचं झाकण काढलं की आजीच्या पावडरच्या डब्यासारखा वास येतो. वजन नाही, वितळत नाही, महिनोन्महिने टिकतं. मी होते तेव्हा मातबियो स्टेशनजवळ कनाल द्यु मिदीमध्ये एका बोटीवर नुसतं व्हायोलेटचंच दुकान होतं: साबण, सरबत, फुलं, सगळं जांभळं. वेळ बघून जा.

ऐन वेळच्या पाहुण्यांसाठी काशू लाजोनीच्या पिवळ्या गोल डब्या. १८८० मध्ये तुलूजच्याच एका औषधविक्याने काढलेल्या. घड्याळाच्या खिशात मावेल एवढी डबी, आत ज्येष्ठमधाचे काळे तुकडे. चव जहाल आहे, सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण डबी कुणी टाकत नाही.

ताईच्या कपड्यांसाठी रू दाल्सास-लोरेन. मोनोप्री तिथेच आहे, जाम आणि गेराँदचं मीठ तिथेच घे, "गूर्मे" पाटी लावलेल्या दुकानात त्याच मिठाला दुप्पट मोजशील. फ्रेंच वाटेल असं म्हणशील तर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टॉप, सें-जाम किंवा आर्मोर-लुक्सचा. मापाचं लक्षात ठेव, ब्रिटिश १० म्हणजे इथला ३८. ताईला आत्ताच विचारून ठेव, साताऱ्याहून बदलायला कोण येणार आहे?

आणि दुकानात शिरताना आधी मोठ्याने "बाँजूर" म्हण. वर्षानुवर्षं राहूनही लोक हे विसरतात आणि मग फ्रेंच उद्धट म्हणून इथे धागे काढतात.

चकलीभाजणी
आजी अंडं खातात का?

घाईत_आहे
नाही. माळकरी आहेत. घरात लसूणही जपून. का?

चकलीभाजणी
मग ऐक. मॅकरॉन नको, अंड्याच्या पांढऱ्यावरच असतात. गिमोव्ह नावाचे मऊ चौकोन आणि चघळायच्या गोळ्या नको, बहुतेकांत जिलेटिन. युरोपात पाकिटावर अंडं, दूध, सुकामेवा हे ठळक अक्षरांत छापावं लागतं, कारण ते ॲलर्जीचे पदार्थ. जिलेटिन त्या यादीत नाही, त्यामुळे ते ठळक नसतं, बारीक अक्षरांत शोधावं लागतं. लोक इथेच फसतात. लाल-गुलाबी मिठाईवर ई १२० दिसलं तर ठेवून दे, तो किड्यापासून काढलेला रंग आहे.
व्हायोलेटचेही घटक वाच. काही जण अंड्याचा पांढरा भाग लावून साखर चिकटवतात.
चीज तर माळकऱ्यांकडे नकोच. कामांबेर, कोंते, रोकफोर, ही सगळी जुनी नावाजलेली चीजं जनावराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.
आजींसाठी आनी द फ्लाव्हिन्यी. बडीशेपेच्या गोळ्याच समज: मधोमध अनीसचा एक दाणा, त्याभोवती साखरेचे थर. बर्गंडीतल्या एका मठाच्या इमारतीत आजही करतात. डबीवर मेंढपाळ आणि त्याची सखी. जेवणानंतर आजी एक तोंडात टाकतील आणि विषय संपला.

सातासमुद्रापार
साबण द्या! मार्सेयचा. आम्ही दरवेळी तोच नेतो.

चकलीभाजणी
साबणातही बघायचं असतं. "मार्सेय" एवढं नाव बघून घेऊ नये. घटकांत सोडियम टॅलोवेट असेल तर ती जनावराची चरबी. हिरवा, ऑलिव्ह तेलाचा, ७२ टक्के छापलेला घे. मारियुस फाब्रचा चांगला असतो.

सातासमुद्रापार
इतकं वाचत बसलं तर विमान चुकेल त्याचं. भेट म्हणजे भावना असते.

चकलीभाजणी
माळ घातलेल्या बाईच्या हातात चरबीचा साबण दिल्यावर कुठली भावना उरते ते तुम्हीच सांगा.

घाईत_आहे
बरं बरं. डिटॅक्स मिळेल का? इस्तंबूलमार्गे जातोय.

पेठकर
मिळतो की. एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी, पासपोर्ट दाखवायचा, विमानतळावर पाब्लोच्या यंत्रावर कागद स्कॅन करायचा. बॅगा चेक-इन करायच्या आधी हं. इस्तंबूल युरोपीय संघात नाही, त्यामुळे तुलूजलाच उरकेल.

विटांचं_शहर
थांबा. घाईत, तू किती दिवस आहेस तिथे? राहण्याचं कार्ड आहे का?

घाईत_आहे
वर्षाचं प्रोजेक्ट होतं. कार्ड आहे.

विटांचं_शहर
मग नाही. मुक्काम सहा महिन्यांच्या आत आणि घर युरोपीय संघाबाहेर, अशी अट आहे. तू तिथला रहिवासी धरला जातोस.

पेठकर
पासपोर्ट भारतीय आहे ना? माझ्या मित्राला मिळाला होता, तोही कार्डवरच होता.

विटांचं_शहर
पासपोर्ट कुठला हा प्रश्नच नाही, राहता कुठे हा आहे. मित्राला कुणी विचारलं नसेल. कस्टमवाल्याने पहाटे चार वाजता कार्ड मागितलं तर उत्तर याला द्यायचंय, तुमच्या मित्राला नाही.

इतिहासाचा_किडा
थोडं अवांतर. तुलूजचे जुने वाडे ज्या पैशावर उभे राहिले तो निळ्या रंगाचा पैसा आहे. पास्टेल नावाचं झाड, त्याची पानं दळायची, गोळे करून वाळवायचे, मग त्यातून निळा रंग. पंधराव्या-सोळाव्या शतकात याच व्यापारावर तिथले सावकार गब्बर झाले, ओतेल दासेझा हा वाडा त्यातल्याच एकाचा. मग समुद्रमार्गाने आपली नीळ जाऊन पोचली, जास्त गडद आणि कमी मालात जास्त रंग देणारी, आणि पास्टेल बसलं. आता पुन्हा थोडं पिकवतात, त्या रंगाचे स्कार्फ मिळतात. विहीणबाईंना स्कार्फ दे आणि ही गोष्ट सांग.

खडूस_काका
"आमच्या निळीने यांचा धंदा बसवला, घ्या स्कार्फ." साखरपुड्यात शोभेल.

मधुरा_कोथरूड
साडीवर स्कार्फ कोण घालतं? त्यापेक्षा नणंदेला दे. विहीणबाईंना लाँशांची घडीची पिशवी, ल प्लियाज. घडी केली की पाकिटाएवढी, मंडईपासून लग्नापर्यंत चालते.

सातासमुद्रापार
व्याह्यांना आर्मान्याक (ब्रँडी) द्या. तुलूजच्या पश्चिमेलाच होते. दोन लिटरपर्यंत भारतात नेता येते.

घाईत_आहे
घरात माळकरी आजी आहेत असं वर लिहिलंय.

सातासमुद्रापार
आजींना नाही, व्याह्यांना म्हटलं.

खडूस_काका
त्यापेक्षा लायोलची सुरी दे. आव्हेरोनमधल्या त्याच नावाच्या गावची, मुठीजवळ छोटी माशी कोरलेली. गड्याला सुरीसारखी भेट नाही. चेक-इन बॅगेत टाक, म्हणजे झालं.

मधुरा_कोथरूड
काका, साखरपुड्याला सुरी?!

विटांचं_शहर
फ्रेंच लोकांतही सुरी भेट दिली तर घेणाऱ्याने एक नाणं परत द्यायचं असतं, नाहीतर मैत्री कापली जाते म्हणतात. व्याह्यांकडून एक रुपया घे.

खडूस_काका
एक रुपया आणि सुपारी. फिट्टंफाट.

कढीपत्ता_कुठे_मिळेल
तुलूजमध्ये ताजा कढीपत्ता कुठे मिळतो? पॅरिसला ला शापेलजवळच्या तमिळ दुकानांत मिळतो, तुलूजचं माहीत नाही. पुढच्या महिन्यात शिफ्ट होतेय.

विटांचं_शहर
वेगळा धागा काढ ना गं, इथे हरवेल.

घाईत_आहे (शनिवार, दुपारी ४.३५)
अपडेट. व्हायोलेटचे सहा डबे (घटक वाचले: फुलं, साखर, रंग, सुवास). पिवळ्या डब्या दहा. आनी द फ्लाव्हिन्यी तीन, दुकानदारीण म्हणाली आजींसाठी गुलाबाची घे, पण मी साधीच घेतली. नणंदेला पास्टेलचा स्कार्फ. ताईचा टॉप ३८ संपला होता, पेठकर बरोबर होते, ४० घेतलाय, आई आत घेईल म्हणाली. सुरीही घेतली. विहीणबाईंची पिशवी राहिलीय, दोन रंग उरलेत: काळा आणि एक चॉकलेटी. दुकान सातला बंद. पटकन सांगा.

मधुरा_कोथरूड
शुभकार्यात काळा नको. चॉकलेटी.

पेठकर
काळा मळत नाही.

सीनकाठची_सखू
चॉकलेटी. आणि पावती फेकू नकोस.

विटांचं_शहर
चॉकलेटी घे आणि पळ. व्हायोलेटचे डबे कपड्यांच्या मधोमध ठेव, कडेला ठेवलेस तर साताऱ्याला जांभळी साखर पोचेल. सुरी केबिन बॅगेत नाही ना ते रात्री पुन्हा बघ.

नाशिकचा_बाळ्या
साखरपुड्याला शुभेच्छा. भाच्याचा बायोडेटा तुम्हाला खासगी निरोपातून पाठवला आहे, विमानात वेळ मिळाला तर बघा.