'ॲज वेल ॲज' म्हणजे 'अँड' नव्हे

काटेकोर: "'अँड'ऐवजी 'ॲज वेल ॲज' लिहा, वाक्य भारदस्त होतं," असा सल्ला एका पोस्टमध्ये वाचला. असल्या सल्ल्यांनीच वाक्यं बिघडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

'द एडिटर अँड द रायटर्स वेअर प्रेझेंट' इथे कर्ते दोन, क्रियापद अनेकवचनी. पण 'द एडिटर, ॲज वेल ॲज द रायटर्स, वॉज प्रेझेंट' यात कर्ता एकटा एडिटर. मधला तुकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाचा, क्रियापद आपोआप कळेल. 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' यांचंही तेच.

त्याहून मोठा घोळ क्रमाचा. मराठीत 'तसेच'नंतर वाढीव गोष्ट येते. इंग्रजीत उलट. 'शी स्पीक्स जॅपनीज ॲज वेल ॲज इंग्लिश' म्हणजे इंग्रजी येतं हे गृहीत, जपानीही येतं हे सांगायचंय. मराठीच्या क्रमाने लिहिलंत की जोर भलत्याच शब्दावर जातो.

सरळसोट: क्रमाचं पटलं. 'वॉज'चं नाही. 'रायटर्स वॉज' वाचताना वाचक अडखळतोच. स्वल्पविराम नसेल तर अनेकवचनी क्रियापद सर्रास दिसतं. सरळ 'अँड' लिहा, 'वेअर' लावा, विषय संपला.

काटेकोर: सर्रास दिसतं म्हणून औपचारिक लेखनात चालत नाही. आणि 'अँड'च लिहायचं असेल, तर तो भारदस्तपणाचा सल्ला तुम्हीही मोडीतच काढलात.

अल्पविराम: क्रियापदांचं कोणी बोलतच नाही! 'ॲज वेल ॲज'नंतर नेहमी 'इंग' रूप. 'ॲज वेल ॲज रायटिंग द रिपोर्ट, शी चेक्ड द फिगर्स.' इथे 'रोट' लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

सरळसोट: 'नेहमी'? 'शी हॅज टू राइट द रिपोर्ट ॲज वेल ॲज चेक द फिगर्स.' इथे 'चेकिंग' लावून दाखवा. आधी 'टू'वालं रूप असेल तर पुढे मूळ क्रियापदच येतं. अर्धा नियम ठणकावून सांगू नका.

अल्पविराम: आवाज चढवायची गरज नाही. मी वाक्यारंभाबद्दल बोलत होतो.

सरळसोट: 'नेहमी' हा शब्द तुमचाच आहे, वर वाचा.

अल्पविराम: बरं, 'नेहमी' मागे घेतो. वाक्यारंभी 'इंग', 'टू'वाल्या रूपानंतर मूळ क्रियापद. पण नकाराचं काय? 'ही डझन्ट सिंग ॲज वेल ॲज डान्स.' तो दोन्ही करत नाही, की नाचतो तितकं चांगलं गात नाही? दुसरा अर्थ आधी डोक्यात येतो, कारण 'ॲज वेल ॲज' तुलनेचंही काम करतं. दोन्ही नाकारायचं असेल तर 'ही डझन्ट सिंग ऑर डान्स'.

काटेकोर: हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, बिनतोड आहे. त्यात 'बोथ'ही जोडा. 'बोथ द एडिटर ॲज वेल ॲज द रायटर' चूक, 'बोथ'ला जोडीदार 'अँड'च लागतो.

सरळसोट: 'बोथ'चं मान्य. 'वॉज'वर मात्र मी ठाम आहे: अडखळणारं वाक्य दुरुस्त करत बसू नका, नव्याने लिहा. 'द एडिटर वॉज प्रेझेंट, अँड सो वेअर द रायटर्स.'

काटेकोर: हे वाक्य चालेल. यात एडिटरला 'वॉज'च लागलं, तेवढं बघा.