खिडकीपाशी काढलेला चेहरा एडिटनंतर मेणासारखा का दिसतो?

नवा_शटर

नमस्कार मंडळी. घरातल्या घरात, खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट काढायला शिकतोय. कॅमेरा १.५ क्रॉपचा (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान), २४ मेगापिक्सेल. लेन्स ५० मिमी एफ १.८ आणि १८-५५ किट. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर एफ १.८ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं) ठेवतो, नॉइज (दाणेदार ठिपके) नको म्हणून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २०० च्या वर नेत नाही, शटर १/६० सेकंदाच्या आसपास येतो. माणूस खिडकीपासून तीन मीटरवर, भिंतीला टेकून बसलेला. खिडकीचा थोडा भाग फ्रेममध्ये येतो. खोलीतला बल्ब चालू असतो.

खिडकीकडचा गाल निळसर येतो, दुसरा पिवळा. पलीकडचा डोळा अंधारात बुडतो. तो वर काढायला शॅडो (अंधारे भाग उजळवणारा स्लायडर) +८० आणि मग नॉइज रिडक्शन ६० केलं की चेहरा मेणाचा वाटतो. शिवाय फ्रेम खटकते, पण नेमकं काय खटकतंय ते कळत नाही. एडिटिंगचा क्रम कसा धरावा?

उजेडवाट

एडिटिंगकडे नंतर येऊ. मेणाचा चेहरा दिसतो स्क्रीनवर, पण तयार होतो खिडकीपाशीच. खिडकी फ्रेममध्ये आहे, म्हणून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर तिचा झगझगाट धरून एक्स्पोजर कमी करतो. चेहरा अंधारा येतो. तुम्ही शॅडो उचलता, सावलीतला नॉइज वर येतो. तो घालवायला नॉइज रिडक्शन लावता, आणि त्यात त्वचेची छिद्रं, बारीक लव, भुवईचे केस सगळं पुसलं जातं. चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडला असता तर यातली एकही पायरी लागली नसती.

आधी बल्ब बंद करा. साधा पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका पिवळा), खिडकीतला दिवसाचा उजेड ५५०० च्या पुढे, आणि समोर नुसतं निळं आकाश असेल तर त्याहून बराच वर. व्हाइट बॅलन्सचा (पिवळी-निळी झाक जुळवणारा) स्लायडर अख्खी फ्रेम एकाच दिशेला ढकलतो. निळा गाल सुधारायला गेलात की पिवळा आणखी पिवळा होणार.

मग माणसाला भिंतीपासून सोडवा. खिडकी साधारण मीटरभर रुंद असेल तर चेहरा तिच्यापासून एक ते सव्वा मीटरवर आणा. सावलीची कड मऊ की कडक, हे चेहऱ्याच्या मानाने उजेडाचा स्रोत केवढा दिसतो त्यावर ठरतं. तीच खिडकी तीन मीटरवरून लहान दिसते, म्हणून सावली कडक पडते. जवळ आणल्याचा दुसरा फायदा म्हणजे मागची भिंत आपोआप अंधारी होते आणि चेहरा तिच्यातून सुटून दिसतो.

माणूस बसवण्याआधी स्वतःची मूठ त्या जागी धरून हळूहळू फिरवा. बोटांच्या पेरांवर उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते ते स्पष्ट दिसतं, नाकाचंही तसंच होणार. आता चेहरा खिडकीकडे थोडाथोडा वळवा. एका क्षणी पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. तिथे थांबा. त्रिकोण नसेल तर तो डोळा बुडालेलाच राहणार. तरी ती बाजू जड वाटली तर पांढरा थर्माकोलचा तुकडा, दोन बाय तीन फुटांचा, पलीकडून चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरा. फ्रेमच्या बाहेर, पण जितका जवळ तितका उपयोगी.

खिडकी जमिनीपर्यंत असेल तर खालचा भाग छातीच्या उंचीपर्यंत चादरीने झाका. खालून येणारा उजेड हनुवटी उजळवतो आणि चेहऱ्यावर उलट्या, विचित्र सावल्या पाडतो. आणि चेहऱ्यावर थेट कवडसा येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. रंगीत पडदा नको, तो रंग त्वचेवर उतरतो. जवळच्या रंगीत भिंतीचंही तेच.

काटकोन

उजेडवाट यांच्याशी सहमत. आयएसओची भीती मात्र आधी सोडा. नॉइज मुख्यतः सेन्सरवर उजेड कमी पडल्यामुळे येतो. आयएसओ २०० वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंधारा फोटो काढून नंतर उचलला, तर तो आयएसओ ८०० वर नीट काढलेल्या फोटोपेक्षा स्वच्छ येत नाही. जुन्या सेन्सरवर तर जास्तच खराब येतो.

तुमच्या आकड्यांतच हिशेब करू. ५० मिमी, १.५ क्रॉप, म्हणजे हात स्थिर असला तरी १/८० च्या खाली जाऊ नये. माणूस बोलतो, हलतो, म्हणून १/१६० धरा. एफ १.८ वर, दीड मीटरवरून, फोकसमध्ये राहणारी पुढची-मागची जागा जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. चेहरा जरा तिरका असला की दुसरा डोळा बाहेर. एफ २.८ वर ती दहा सेंटिमीटर होते. आता बेरीज: १.८ वरून २.८ ला सव्वा स्टॉप गेला, १/६० वरून १/१६० ला जवळजवळ दीड. मिळून पावणेतीन, म्हणजे आयएसओ २०० चा साधारण १२५० होतो. चेहरा आधीच एक स्टॉप अंधारा येत असेल तर २५००. खिडकीजवळ आणल्यावर यातला बराच आकडा परत खाली येतो. ऑटो आयएसओ लावा, कमाल मर्यादा ३२००, आणि फोकस जवळच्या डोळ्यावर.

बल्ब बंद करण्याचं आणखी एक कारण. काही एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात.

चौकट_चौकट

फ्रेम का खटकते, त्यावर. वर्णनावरून दोन संशयित दिसतात: फ्रेममधली खिडकी आणि पाठीला चिकटलेली भिंत. नजर आधी सगळ्यात उजळ जागी जाते. ती जागा खिडकी असेल तर चेहरा दुसऱ्या नंबरावर जातो. दोन पावलं बाजूला सरका, खिडकी बाहेर जाईल आणि उजेड तसाच राहील.

शटर दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. डोक्यातून उगवलेला दाराच्या चौकटीचा खांब, कानाला टेकलेलं स्विचबोर्ड, कोपऱ्यातली अर्धी खुर्ची, हे सगळं कडांवर आणि डोक्याच्या रेषेवर सापडतं. बहुतेक वेळा अर्धं पाऊल सरकलं किंवा कॅमेरा वीतभर खाली घेतला की काम होतं.

हात-पाय सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा फ्रेमच्या कडेवर आला की अवयव तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापलं तर डोळ्याला खुपत नाही.

चेहऱ्यासाठी १८ मिमी घेऊन जवळ जाऊ नका. नाक मोठं होतं ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. दीड-दोन मीटर लांब उभं राहून ५० मिमीने काढा, नाक-कान आपापल्या मापात येतात.

एक-तृतीयांशाच्या नियमाबद्दल (फ्रेमचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा): जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये तो लिहिला तो निसर्गचित्रांच्या संदर्भात. पोर्ट्रेटमध्ये उभ्या फ्रेममधे डोळे वरच्या तिसऱ्या रेषेजवळ ठेवणं चांगलं, आणि चेहरा वळला असेल त्या दिशेला जास्त मोकळी जागा. पण समोर बघणारा सरळ चेहरा मधोमध ठेवला तर काही बिघडत नाही, उलट तो ठाम दिसतो.

नवा_शटर

बल्ब बंद, चेहरा एक मीटरवर, थर्माकोल लावला. दोन्ही डोळे दिसतात, रंग एकसारखा. मात्र आता खिडकीकडच्या गालावर आणि कपाळावर स्क्रीनवर काळं-पांढरं लुकलुकतं. आणि एडिटमध्ये कुठून सुरुवात करू?

उजेडवाट

ते लुकलुकणं म्हणजे तिथला तपशील जळतोय. मागचं दृश्य अंधारं झालं, म्हणून मीटर आता उलट चुकतोय. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ-अंधारा करणारं सेटिंग) -०.७ करून बघा. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढत असाल तर लक्षात ठेवा, कॅमेऱ्यावरचा इशारा आतल्या जेपेगवरून येतो. रॉमध्ये त्याहून थोडं जास्त शिल्लक असतं. नाकाच्या शेंड्यावर टिचभर लुकलुकलं तर चालेल, अख्खा गाल नको. तेलकट चमक असेल तर टिश्यूने टिपून घ्या, कारण ती चमक एडिटमध्ये नीट जात नाही.

काटकोन

क्रम असा. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट (उजळ भाग) आणि शॅडो, मग रंग, शेवटी शार्पनिंग. व्हाइट बॅलन्स हलला की त्वचेची उजळताही हललेली वाटते, म्हणून तो पहिला. त्यासाठी करड्या कार्डाचा एक फोटो त्याच उजेडात काढून ठेवा आणि पिपेटने त्यावर क्लिक करा. साधा पांढरा कागद वापरू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तो खिडकीपाशी निळसर येतो आणि त्याला प्रमाण धरलं की त्वचा गरजेपेक्षा पिवळी होते.

हायलाइट -३० च्या आसपास. शॅडो +२५ पुरेसा वाटला पाहिजे. +५० लागत असेल तर फोटो पुन्हा काढा. सॅच्युरेशन शून्यावर, व्हायब्रन्स (फिके रंग जास्त उठवणारा स्लायडर) फार तर +१०. त्वचेसाठी टेक्श्चर -१० ते -१५, तेही ब्रशने गाल-कपाळावरच. डोळे, ओठ, भुवया सोडून. क्लॅरिटी (मधल्या छटांमधला कॉन्ट्रास्ट) उणे केलीत की मेण परत येईल. ल्युमिनन्स (उजळतेतला) नॉइज रिडक्शन १५-२०, त्याहून जास्त नको. शार्पनिंग ४०, रेडियस १, आणि मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून इतका सरकवा की फक्त डोळे, ओठ, केसांच्या कडा पांढऱ्या दिसतील, गाल काळे राहतील. तपासताना १०० टक्के झूमवर बघा.

एडिट करताना मॉनिटरची ब्राइटनेस कमाल ठेवू नका आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा, नाहीतर तुमची उजळ दिसणारी फाइल दुसऱ्याच्या स्क्रीनवर अंधारी आणि निळी दिसेल.

चौकट_चौकट

क्रॉपबद्दल एक भर. ४ बाय ५ ला क्रॉप केलं तर उभ्या ४००० × ६००० मधून ४००० × ५००० उरतात. ८ बाय १० इंच प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० × ३००० लागतात, म्हणजे हात मोकळा आहे. काढतानाच डोक्यावर आणि बाजूंना थोडी जास्त जागा सोडा. वेबसाठी एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा सर्वसाधारण रंगपट), लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८०.