स्पीकरला चार टर्मिनल आहेत, तर दोन ॲम्प लावू का?

मंद्रसप्तक:
माझ्या टॉवर स्पीकरच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत, मध्ये पितळी पट्ट्या. स्पीकर ८ ओहमचे, इंटिग्रेटेड ॲम्प (व्हॉल्यूमचं नियंत्रण आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात) ६० वॅटचा, त्याला प्री-आउट (दुसऱ्या पॉवर ॲम्पला सिग्नल देणारं आउटपुट) आहे. १०० वॅटचा एक पॉवर ॲम्प पडून आहे. तो वूफरला (खालचे सूर) आणि इंटिग्रेटेड ट्वीटरला (वरचे सूर) लावला, तर १६० वॅट मिळतील ना?

गेनवाला:
नाही मिळणार. स्पीकरमधला क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करून वूफर-ट्वीटरला वाटणारं सर्किट) तसाच राहिला, तर दोन्ही ॲम्पमध्ये पूर्ण सिग्नलच जातो, बाससकट. ट्वीटरकडचा ॲम्प करंट कमी देतो, पण व्होल्टेज मात्र त्याला पूर्ण हलवावं लागतं. ८ ओहमला ६० वॅट म्हणजे साधारण २२ व्होल्ट. तबल्याचा डग्गा जोरात घुमला की तो ॲम्प तिथेच क्लिप होणार, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जाणार, आणि ती करकर थेट ट्वीटरमध्ये जाणार. नाजूक ड्रायव्हरच्या (इथे ट्वीटरच्या) वाट्याला कमजोर ॲम्प, हे मला अजिबात पटत नाही.

तरी करून बघायचंच असेल, तर आधी दोन्ही स्पीकरच्या पट्ट्या काढा, लाल आणि काळी दोन्ही. एक जरी लाल पट्टी राहिली, तरी दोन ॲम्पची आउटपुट एकमेकांना भिडतात आणि ट्रान्झिस्टर जळू शकतात. मग स्पीकर न जोडता १०० हर्ट्झचा टोन लावा आणि दोन्ही ॲम्पच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. एकावर २.०० असेल तर दुसऱ्यावर २.१२च्या वर नको. तेवढ्यानेच अर्धा डेसिबल फरक पडतो.

षड्ज:
पॉवर ॲम्प ब्रिज केला, म्हणजे त्याचे दोन्ही चॅनेल मिळून एकाच स्पीकरला लावले, तर?

गेनवाला:
मग त्याच्या प्रत्येक चॅनेलला ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमसारखा दिसतो. मॅन्युअलमध्ये ब्रिज मोडला ८ ओहम चालतं असं लिहिलेलं असेल तरच. शिवाय दुसऱ्या स्पीकरला तसाच दुसरा ॲम्प लागेल.

खरा फायदा ॲक्टिव्ह पद्धतीत आहे. क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी, सहसा २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा लिंक्विट्झ-रायली नावाचा फिल्टर. मग बास ट्वीटरच्या ॲम्पपर्यंत पोचतच नाही. पण त्यासाठी स्पीकरमधला क्रॉसओव्हर काढावा लागतो आणि त्यात बसवलेली ड्रायव्हरच्या आवाजातली सगळी सुधारणा माइकने मोजून डीएसपीत (डिजिटल सिग्नल प्रोसेसरमध्ये) पुन्हा करावी लागते. चांगल्या, धडधाकट स्पीकरला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

मंद्रसप्तक:
मोजलं. इंटिग्रेटेड २.००, पॉवर ॲम्प २.७५. गेन (ॲम्प सिग्नल किती वाढवतो ते) कमी-जास्त करायचा नॉबही नाही.

गेनवाला:
म्हणजे वूफर जवळपास पावणेतीन डेसिबल वर. पट्ट्या परत घट्ट बसवा, प्री-आउटवरून एकटा १०० वॅटवालाच पूर्ण स्पीकरला जोडा. इंटिग्रेटेडच्या स्पीकर टर्मिनलला मग काहीही जोडायचं नाही.