१८ एचपी मिनी ट्रॅक्टरला घरच्या घरी कोळपं बनवायचंय, लोखंड कोणतं घेऊ?

काळीमाती_हिंगोली:
राम राम मंडळी. १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतलाय, सोबत रोटर आहे आणि ४ तासाचं (ओळींचं) पेरणी यंत्र आहे. सोयाबीन १८ इंचावर पेरतो. आता बैलजोडी राहिली नाही आणि निंदायला बाया भेटत नाहीत, भेटल्या तर रोजाची मजुरी ऐकून माणूस खाली बसतो, म्हणून ट्रॅक्टरमागं कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) करायचा विचार आहे. तयार घ्यायला गेलो तर भाव लई सांगतात आणि ते मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचं. गावात वेल्डिंगवाला आहे, घरी ट्रकचे जुने कमानपाटे पडलेत त्याच्या पासा (तण कापायची पाती) होतील. चॅनल घेऊ का चौकोनी पाइप? जाडी किती? कुणी बनवलं असेल तर मापं टाका, फोटो असला तर अजून बरं.

वऱ्हाडातला_गडी:
भाऊ लोखंड मंग पाह्यजो, पह्यले टेप घे आन मागच्या दोन टायरच्या मधोमध ते मधोमध अंतर मोज. सगळा खेळ तिथंच आहे. तुही ४ तासं १८ इंचावर म्हणजे ट्रॅक्टरच्या मध्यापासून तासं ९ वर आन २७ वर येतात दोन्हीकडं, तर टायर मध्यापासून १८ वर पाह्यजे, म्हणजे टायर ते टायर ३६ इंच. तवाच चाक दोन तासांच्या बरोबर मधात चालते. ८ इंची टायर असन तर दोन्ही बाजूनं ५-५ इंच राह्यते, तेवढ्यात काम होते. आता बहुतेक मिनीचं माप ३६ पेक्षा कमीच भरते, मंग डवरा (तुमचं कोळपं) सोन्याचा केला तरी एक तास चाकाखाली जाईन. आमच्याकडं एकानं असंच केलं, डवरा एकदम भारी, रंगबिंग मारला, आन डवरणीत दर फेऱ्याला दोन तासं झोपवली.
रुंदी वाढवायची असन तर डाव्याचं पूर्ण चाक उजवीकडं आन उजव्याचं डावीकडं लाव, आतली बाजू बाहेर येते आन टायरच्या गुट्ट्यांची दिशा बी तीच राह्यते. सगळ्या रिमला नाही जमत, डिस्क मधोमध असन तर काही फरक पडत नाही. आन पुढची चाकं इसरू नको, तेही त्याच ओळीत पाह्यजे.

फॅब्रिकेशन_तासगाव:
वरचं बरोबर हाय. आता लोखंडाचं सांगतो, आमच्याकडं द्राक्षबागंसाठी मिनीची अवजारं रोज बनत्यात. चॅनल नको, पीळ बसतो. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, ५ मिमी जाडी, दोन बार एकामागं एक, मधी दीड-दोन फुटाचं अंतर. एकाच बारवर सगळ्या पासा लावल्या की हरळी न लव्हाळा गोळा होऊन ढीग लागतो मग दर दहा पावलाला उतरून काढत बसायचं. निम्म्या पुढं निम्म्या मागं लावा.
पासांच्या दांड्या बारला वेल्ड करू नका, यू बोल्टनं आवळा. हरभऱ्याला अंतर बदललं तर नुसतं सरकवायचं.
आणि महत्त्वाचं, कमानपाट्याला सरळ वेल्डिंग मारू नका. त्यो स्प्रिंगचा पोलाद हाय, साध्या रॉडनं वेल्ड केला की त्या दिवशी झकास दिसतो, पण वेल्डच्या कडंला बारीक चीर पडलेली असती आणि शेतात पहिल्या दगडाला तुटतो. लोहाराकडनं पाटा लाल करून भोकं पाडून घ्या, पुन्हा पाणी देऊन (तापवून विझवून कडक करून) घ्या, आणि बोल्टनं बसवा. झिजला की काढून दुसरा.
पिना तुमच्या लिंकच्या (ट्रॅक्टरमागं अवजार जोडायच्या दांड्यांच्या) भोकाला मोजून घ्या. जोडणीच्या मापात कॅटेगरी १ ला खालच्या २२ मिमी आणि टॉपलिंकची (वरच्या दांडीची) १९ असती, पण मिनीत कॅटेगरी ० पण येती, तिच्या खालच्या १६ च्या. दुसऱ्याच्या मापावर घेऊ नका.

काळीमाती_हिंगोली:
मोजलं. आत्ता ३१ इंच आहे 😐 चाकं अदलाबदल केली तर ३५ च्या आसपास जातंय, पुढचं पण वाढतं. १ इंच कमी चालंल का? आणि पासा किती रुंद ठेवू?

वऱ्हाडातला_गडी:
चालते. अर्धा-अर्धा इंच दोन्हीकडं, तेवढं तर पेरतानाच हालते. पण पेरणीच्या आधीच चाकं बदल, म्हंजे पेरणी आन डवरणी एकाच मापात.
पास १० ते १२ इंच. मधात तीन पूर्ण पासा, आन कडेच्या दोन अर्ध्या ५-६ इंची. कडेचं जे जोडतास आहे ना ते दोन फेऱ्याच्या मधातलं अंतर, ते कधीच नेमकं १८ नसते, कुठं १६ कुठं २०. तिथं पूर्ण पास लावली तर बाजूच्या फेऱ्यातलं सोयाबीन कापशीन. अर्धी लावली का येतानाचा अर्धा आन जातानाचा अर्धा मिळून काम होते. आन पेरलं त्याच फेऱ्यानं डवर, मधातून सुरू करू नको.

फॅब्रिकेशन_तासगाव:
खालच्या लिंकच्या साखळ्या एकदम ताठ आवळा. रोटरला थोडं ढिलं चालतं, कोळप्याला दोन इंच जरी हाललं तरी पीक गेलं. खोलीसाठी दोन्ही टोकाला चाक लावा, जुन्या स्कूटरची असली तरी चालत्यात, नुसत्या लिफ्टवर धरलं तर कुठं दीड इंच कुठं चार इंच जातं. टॉपलिंक आखडली की पासंचं टोक खाली घुसतं, लांबवली की वर तरंगतं, तिथंच सेटिंग करायचं.

शिवार_लातूर:
एक भर घालतो. घरी बनवलेल्यावर अनुदान मिळत नाही, महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केला तरी टेस्टिंग झालेलंच अवजार लागतं, पक्कं बिल लागतं. त्यामुळं दोन्हीचा हिशोब मांडून बघा, कधी कधी अनुदानातलं तयार स्वस्त पडतं. आणि सोयाबीन गुडघ्याला आलं की मिनी आत घालू नका, पोटाखाली घासून फुलं झडतात. पहिली कोळपणी १५-२० दिवसाला, दुसरी महिन्याच्या आत उरका.

काळीमाती_हिंगोली:
यंदा अनुदानात नंबर लागला नाही, म्हणून तर घरी करायलो. उद्या पाइप आणतो. यू बोल्ट १२ मिमीचे पुरतील का १६ चे घेऊ?

फॅब्रिकेशन_तासगाव:
१६ चे घ्या, डबल नटासह. १२ चे काळ्या रानात ताणत्यात.