वाचताना चित्र दिसतं का? (सोसायटी वाचनकट्टा ग्रुप)

मीनल, बी-३०४: शनिवारचा विषय: कथा वाचताना पात्रं, जागा डोळ्यांपुढे येतात का? हात वर करायला सांगू?

देशपांडे काका, ए-१०२: हात नको. ‘दिसतं’ म्हणताना एकाला फोटोसारखं दिसणं अभिप्रेत असतं, दुसऱ्याला नुसतं ठाऊक असणं. दोघंही हात वर करणार. मनातलं चित्र किती स्पष्ट दिसतं हे मोजणारी, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्सची १९७३ची प्रश्नावली घ्या. १६ प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. आता रूढ असलेल्या पद्धतीने बेरीज १६ आली तर चित्र अजिबात नाही, ८० म्हणजे प्रत्यक्ष पाहिल्यासारखं. बहुतेक जण मधेच कुठेतरी.

रोहन, सी-५०१: सोबत छोटी चाचणीही घ्या. वाचा: “तिने दार लोटलं आणि पिशवी टेबलावर ठेवली.” पाच सेकंद थांबून विचारा: दाराचा रंग? पिशवी कापडी की प्लास्टिकची? उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न: हे आधीच होतं, की मी विचारल्यावर ठरवलंत? खरी मेख इथेच आहे. आणि ‘हिरवं दार दिसलं ना?’ असं विचारलंत की संपलं, रंग तुम्हीच पुरवलात.

सुलभाकाकू, ए-२०३: ज्यांना दिसत नाही त्यांना कथेत गोडी कशी लागणार?

रोहन: लागते काकू. सिडनीतला २०२१चा प्रयोग आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या आणि त्वचेवरच्या घामाची मोजणी केली. चित्र दिसणाऱ्यांची नोंद चढत गेली, न दिसणाऱ्यांची जवळपास सपाट राहिली. मग भीतीदायक फोटो दाखवले, तेव्हा मात्र दोघांची सारखीच चढली. भीती वाटतेच, नुसत्या शब्दांनी अंगावर काटा येत नाही इतकंच. आणि कथेत भीतीशिवायही पुष्कळ काही असतं: संवाद, पेच, माणसांचे डाव.

देशपांडे काका: जागेचं भान तर शाबूत असतं. खोलीचा फोटो दाखवून नंतर आठवून काढायला लावला, तर अशा लोकांच्या चित्रात वस्तू आणि रंग कमी, पण वस्तूंच्या जागा बरोबर. म्हणून ‘कल्पनाशक्ती कमी’ असा शेरा कोणी मारायचा नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी २०१५मध्ये मनात चित्र न दिसण्याला ‘अफँटेझिया’ नाव दिलं, पण तो आजार नव्हे.

मीनल: मग उतारे दोन घेते, एक निव्वळ वर्णनाचा, एक संवादाचा. कंटाळा कुठे आला ते प्रत्येकाने समासात खूण करून ठेवायचं.

सुलभाकाकू: प्रती मोठ्या अक्षरात काढ गं. आणि गुण एकमेकांना दाखवू नका, नाहीतर शेजाऱ्याचा आकडा बघून आपला वाढवतील.