प्रतिनिधी निवडले की वाचून दाखवले?

बूथवाला
गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यात पक्षाचं अधिवेशन झालं. (पक्षाचं नाव लिहीत नाही. कुठलंही घाला, चालेल.) जिल्ह्याला पाठवायचे प्रतिनिधी तिथे निवडायचे होते. मंगल कार्यालय भरलेलं, हारतुरे, लांबलचक भाषणं. मग जिल्ह्याहून आलेल्या निरीक्षकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि नावं वाचली. "सर्वानुमते मंजूर?" टाळ्या. संपलं. आमच्या सह्या दारातच हजेरी म्हणून घेतल्या होत्या, त्याच इतिवृत्तात ठरावाला पाठिंबा म्हणून जोडल्या.

नावं कोणाची? आमदारांचे मेहुणे, रस्त्याची कामं घेणारे दोघे, आणि मागच्या झेडपीला समोरच्याचा प्रचार करणारे एक गृहस्थ. बूथवर बसणारा एकही नाही. मी उठून विचारलं, सभासद यादी कुठाय, अर्ज कधी मागवले? उत्तर आलं, "बसा हो, वरून आलंय."

मतदानच घ्या असा माझा हट्ट नाही. पण सभासद यादी आणि प्रतिनिधींची नावं आठ दिवस आधी भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

जुनाखोंड
हरकत आहे. उघड चुरस लावली की काय होतं ते जिल्हा बँकेच्या निवडणुकीत बघा. सोसायटीतर्फे मत कोणी द्यायचं, तो ठराव कोणाच्या नावाने करायचा यावरून सचिव गायब होतो, ठरावधारकांना गाडीत घालून सहलीला नेतात, ते थेट मतदानाच्या दिवशी उगवतात. पक्षात तेच आणायचंय? सभासद नोंदणीची पावतीपुस्तकं एकाच पैसेवाल्याने उचलली की तालुका त्याचा. हे आजचं नाही. 1939 साली सुभाषबाबू गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्यांना हरवून काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आले, तेव्हा "पट्टाभींचा पराभव तो माझा पराभव" म्हणणारं गांधीजींचं जे निवेदन आहे, त्यातच काँग्रेसच्या रजिस्टरांत बोगस सभासदांची भरती झाल्याची तक्रार आहे. चार आणे वर्गणीच्या काळात ही गत!

दुसरं, वरून यादी येते म्हणून त्यात मातंग, धनगर, बायका दिसतात. मतदान घ्या, एकाच भावकीचे सगळे निवडून येतील.

पंचनामा
बोगस सभासद यादीत घुसतात, म्हणून यादीच दाखवायची नाही? अजब आहे. भिंतीवर लागली तरच बोगस नाव गावाला ओळखता येईल ना.

आणि "वरून आलंय"चा इतिहास काढायचाच तर मागे चला. काँग्रेसचं 1907 चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकांच्या बाजूचा जोर दिसला म्हणून ते सुरतेला हलवलं. सुरतेत काँग्रेस फुटली. पुढच्याच वर्षी अलाहाबादला नेमस्तांनी काँग्रेसची घटना केली. आधी जाहीर सभेतूनही प्रतिनिधी निवडून यायचे. आता मान्यताप्राप्त कमिट्या आणि संस्थांनी पाठवलेलेच चालतील आणि त्यांनी काँग्रेसच्या ध्येयावर सही करायची, असा नियम आला. एका शब्दाची शिवीगाळ नाही, पण जहाल बाहेर.

जुनाखोंड
टिळक 1908 ते 1914 मंडालेत होते. नियम असता नसता, काय फरक पडला?

पंचनामा
1914 ला सुटले ना? तरी काँग्रेसमध्ये परत यायला 1916 चं लखनौ अधिवेशन उजाडलं. 1915 च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी निवडीचा नियम सैल केला तेव्हा दार उघडलं. माणूस पुण्यात, लोक त्याच्या मागे, आणि अडलं कुठे, तर प्रतिनिधी कोण धरायचा यावर.

आकडेमोड
जवळचं उदाहरण घ्या. काँग्रेसच्या 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीत खर्गे 7,897, थरूर 1,072, बाद 416. निकालावर फारसा वाद झाला नाही. वाद आधीच झाला होता: मतदार असलेले हे प्रतिनिधी कोण? मनीष तिवारींसह काही खासदारांनी यादी जाहीर करा म्हटलं. निवडणूक प्राधिकरणाचे मधुसूदन मिस्त्री यांचं म्हणणं, यादी प्रदेश कार्यालयात येऊन बघा, उमेदवाराला मिळेलच. पण उमेदवारी भरायला सूचक लागतात दहा, तेही याच प्रतिनिधींतले. यादी नसेल तर सूचक शोधायचे कुठे?

तरी एक मान्य करतो. निदान मतपेटी तरी होती. बाकीच्यांकडे अध्यक्ष "बिनविरोध"च होतात, मोजायला काही उरतच नाही.

माईसाहेब
जुनाखोंड, यादीत बायका दिसतात म्हणालात म्हणून लिहिते. मला कार्यालयातून फोन आला, आधार कार्ड आणि फोटो पाठवा. वाटलं ओळखपत्र करतायत. मी प्रतिनिधी झाले हे चौकातल्या अभिनंदनाच्या बॅनरवरून कळलं. जिल्ह्याच्या बैठकीचा निरोप माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला. गेले तेच.

जुनाखोंड
हे वाईट आहे, नाकारत नाही. पण माईसाहेब, मतदान असतं तर बॅनरवरही नाव आलं नसतं.

माईसाहेब
न यायला काय झालं? बचत गटाच्या बायका आहेत माझ्यामागे. विचारलंय कोणी त्यांना?

धनुष्य_बाण_मशाल
सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. 17 फेब्रुवारी 2023 चा निवडणूक आयोगाचा शिवसेनेबद्दलचा आदेश वाचा. निकाल कोणाला पटो न पटो, त्यातला संघटनेचा भाग बघा. 2018 ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडणुकीविना नेमलेले, म्हणून आयोगाने खरा पक्ष कोणता हे ठरवताना पक्षघटनेची कसोटी बाजूला ठेवली. संघटनेतलं बहुमतही नीट ठरेना. मग उरलं काय? आमदार-खासदार. 55 पैकी 40 आमदार शिंद्यांकडे, नाव आणि चिन्ह तिकडे. राष्ट्रवादीच्या 6 फेब्रुवारी 2024 च्या आदेशातही शेवटी विधिमंडळातलं संख्याबळच मोजलं गेलं. म्हणजे पक्ष फुटला तेव्हा शाखेवर आयुष्य काढलेल्या माणसाचं वजन शून्य. प्रतिनिधी खरोखर निवडलेले असते, तर ते मोजता तरी आले असते.

जुनाखोंड
आयोगाला एवढी कळकळ होती तर आधी का नाही विचारलं? पंचवीस वर्षं कागद घेऊन ठेवले आणि फूट पडल्यावर घटना आठवली!

पंचनामा
हे मात्र खरं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 29 अ कलमाने पक्षाची नोंदणी होते, पण घटना पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलंय. विधी आयोगाने 1999 च्या अहवालात पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बांधा म्हटलं होतं. तो कायदा करणार कोण? यादी खिशातून काढणारेच.

बूथवाला
म्हणूनच मी कायद्याची वाट बघत नाहीये. जिल्हाध्यक्षांना पत्र दिलंय, पोच घेतलीय. मागणी एकच, यादी भिंतीवर.

जुनाखोंड
यादी लागली की ज्याचं नाव नाही तो त्याच संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचा रुमाल गळ्यात घालतो. ऐन निवडणुकीत हे परवडत नाही. झेडपी होऊ द्या, मग बघू.

बूथवाला
झेडपीनंतर नगरपालिका असते, नगरपालिकेनंतर बाजार समिती. तारीख सांगा.